‘अलबेला’तला ट्रम्पेट: एका देवाणघेवाणीचं प्रकरण

१९५१ सालच्या ‘अलबेला’त ‘दीवाना परवाना’ नावाचं गाणं आहे. पडद्यावर नाच चालू असतो आणि मागे झालरीच्या बाह्यांचे शर्ट घातलेला एक बँड दिसतो. नजर साहजिकच पुढे राहते, मागच्यांकडे लक्ष जात नाही. पण तो बँड नटांचा नव्हे. तो खराखुरा वाजवणारा बँड आहे आणि त्याचे म्होरके आहेत चिक चॉकलेट. खरं नाव अँटोनिओ झेवियर वाझ, जन्म १९१६ सालचा, गाव बार्देशातलं हळदोणे. मुंबईत त्यांना अमेरिकेतल्या नामांकित जॅझ ट्रम्पेटवादकाच्या नावावरून ‘हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग’ म्हणत. शर्टाच्या झालरी क्यूबाकडच्या, ट्रम्पेटची ढब जॅझचं माहेर असलेल्या अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सची, वाजवणारा गोव्याचा, आणि चाल बांधणारे सी. रामचंद्र, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. चित्रपटाचे निर्माते, दिग्दर्शक आणि नायक भगवानदादा पालव, गिरणी कामगाराचा मुलगा.

‘हिंदी चित्रपटसंगीतावर जॅझचा प्रभाव पडला’ हे वाक्य आपण इतक्या वेळा वाचलंय, की त्यात काही सांगायचं राहिलंय असं वाटत नाही. मला मात्र ते वाक्य अपुरं वाटतं. प्रभाव म्हणजे पाऊस नव्हे, की आकाशातून पडला आणि सगळे भिजले. कोणीतरी काहीतरी हातात घेऊन येतो, दुसरा त्यातलं त्याला हवं ते उचलतो, आणि उरलेलं दारातच राहतं. ‘अलबेला’च्या प्रकरणात काय उचललं गेलं आणि काय दारात राहिलं, हे मला पाहायचं आहे.

ताजपर्यंतची वाट

जॅझ मुंबईत आधी तबकड्यांवरून आला आणि मग माणसांच्या पायांनी. १९३५ साली व्हायोलिनवादक लिऑन अ‍ॅबी आपला आफ्रिकन-अमेरिकन बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आले. पाठोपाठ ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आले. १९१३-१४च्या सुमाराला, जॅझ हे नाव रूढ होण्याच्याही आधी, ते न्यूयॉर्कमध्ये जेम्स रीस युरोप यांच्या ऑर्केस्ट्रात रेकॉर्डिंग करत होते. आणि मग पियानोवादक टेडी वेदरफर्ड. १९२६ साली शिकागोत अर्स्किन टेट यांच्या ऑर्केस्ट्रात ते लुई आर्मस्ट्राँगसोबत वाजवत होते. त्याच वर्षी ते आशियाकडे निघाले, शांघायमध्ये नाव काढलं, मग मुंबई, मग कलकत्ता. १९४५ साली कलकत्त्यातच कॉलऱ्याने गेले.

ही साखळी किती आखूड आहे बघा. आर्मस्ट्राँगसोबत वाजवलेला माणूस अपोलो बंदरावर, ताजमध्ये, पियानो वाजवतो, आणि गोव्याची तरुण पोरं ते जवळून ऐकतात. काहींना तर या पाहुण्यांच्या बँडांत जागाही मिळाल्या. तबकडीवरून नक्कल करणं वेगळं आणि बोटं बघून शिकणं वेगळं. ख्याल गाणाऱ्याला हे सांगायची गरज नाही.

हे गोव्याच्याच पोरांना का जमलं, याचं उत्तर चर्चला लागून असलेल्या शाळांत आहे. पोर्तुगीज अमलात तिथे मुलांना दो-रे-मी, पाच रेघांचं नोटेशन आणि बहुधा व्हायोलिन शिकवत. हेतू होता रविवारच्या प्रार्थनेला गाणारे-वाजवणारे तयार करण्याचा. पण गोव्यात पोट भरेना, तेव्हा हीच विद्या कामाला आली. धोबीतलावच्या आसपास गावोगावच्या गोवेकरांच्या ‘कूड’ होत्या. गावचा माणूस मुंबईला आला, की ट्रंक घेऊन आपल्या गावच्या कुडीत उतरायचा. तिथून मग संस्थानिकांचे बँड, मूकपटांचे वाद्यवृंद, रेल्वेगावांतले क्लब, जहाजं. समोर कागद ठेवला की वाजवायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं.

स्वातंत्र्याच्या आगेमागे मात्र दिवस पालटले. गोरे साहेब गेले, संस्थानं गेली. मुंबई राज्यात मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९चा दारूबंदी कायदा आला आणि रात्रीच्या नाचगाण्यांवर चालणाऱ्या जागांचा कणाच मोडला. याच काळात दादर, परळ, अंधेरीकडचे स्टुडिओ मोठमोठे वाद्यवृंद मागत होते. ट्रम्पेटची पेटी तीच, फक्त फोर्टऐवजी दादरला उतरायचं. चित्रपटसंगीतातल्या ‘पाश्चात्त्य प्रभावा’मागे या कायद्याचा मोठा वाटा आहे असं माझं मत आहे. आपण सौंदर्यशास्त्र शोधत बसतो आणि रोजगार विसरतो.

पेटी आणि पाच रेघा

सी. रामचंद्रांना, म्हणजे सगळ्यांच्या अण्णांना, पाश्चात्त्य वळणाचे संगीतकार म्हणून ओळखलं जातं. पण त्यांची तालीम बघा: पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे, म्हणजे थेट पलुस्कर परंपरेत. पुढे मिनर्व्हा मुव्हीटोन या चित्रसंस्थेत ते पेटी वाजवत. चाल सुचायची ती पेटीवर आणि गळ्यात. एकेरी सुरावट, खाली षड्जाचा आधार, आणि ताल.

आता ही चाल बँडपर्यंत पोहोचायची कशी? इथे अरेंजर येतो. संगीत दिग्दर्शक सिटिंगला, म्हणजे चाल ठरवायच्या बैठकीत, चाल गातो, अरेंजर ती पाच रेघांवर उतरवून घेतो. मग मुखड्याआधी काय वाजेल, दोन अंतऱ्यांमधलं म्युझिक कोणत्या वाद्यांवर जाईल, गाणाऱ्याच्या ओळीमागून दुसरी कोणती ओळ सरकेल, हे ठरतं आणि प्रत्येकाचा पार्ट वेगळा लिहिला जातो. ‘अलबेला’च्या काळात अण्णांच्या बाजूला हे काम करणाऱ्यांत चिक चॉकलेट होते.

हा पार्ट लिहिणं म्हणजे नुसती नक्कल नव्हे. आपला गायक ‘काळी दोन’ म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी, एवढंच म्हणतो आणि मोकळा होतो. पण ट्रम्पेटची घडण अशी, की कागदावरचा सूर एक पूर्ण स्वर खाली वाजतो. म्हणजे काळी दोन षड्ज ठरली, तर ट्रम्पेटवाल्याच्या कागदावर तो षड्ज एफ म्हणून येतो, आल्टो सॅक्सोफोनवाल्याच्या कागदावर सी म्हणून, आणि व्हायोलिनवाल्याच्या कागदावर आहे तसाच, ई फ्लॅट. एकच सा, तीन कागदांवर तीन नावांनी. हे सगळं मनात धरून भराभर लिहायचं, आणि ऐनवेळी गायकाने पट्टी बदलली की पुन्हा लिहायचं. ‘अरेंजमेंट’ या एका शब्दात ही मेहनत दिसतच नाही.

आणि हार्मनी, म्हणजे चालीखाली एकाच वेळी वाजणाऱ्या सुरांचे जुडगे, कॉर्ड? तिथे तर खरी कसोटी. आपल्या सुरावटीत षड्ज हलत नाही, सगळ्या स्वरांचा अर्थ त्याच्या नात्याने ठरतो. तिच्याखाली कॉर्ड घातले, की कॉर्ड बदलला की कानाला वाटतं घरच बदललं. म्हणून जाणता अरेंजर कॉर्ड बेताने घालतो, कुठे गप्प राहायचं हे ओळखतो. ‘अलबेला’तली ‘धीरे से आजा री अँखियन में’ ही अंगाई पुन्हा ऐका. पिलू रागाच्या अंगाची चाल आहे. याच चित्रपटातलं दणदणीत ‘शोला जो भडके’ करणारी मंडळी इथे किती हलक्या पावलांनी चालली आहेत! ज्याला हार्मनी येते पण पिलू कळत नाही, त्याच्या हातून ही अंगाई बिघडली असती.

पिलूचंच एक बघण्यासारखं आहे. त्यात दोन्ही गंधार लागतात, कोमल आणि शुद्ध. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ब्लूजमध्येही गंधाराची हीच गंमत आहे: पियानोचा कॉर्ड शुद्ध गंधार धरून बसतो आणि गाणारा कोमलाकडे, कधी दोघांच्या मधे कुठेतरी, ओढत राहतो. दोन्हींचा उगम एक आहे असं मी अजिबात म्हणत नाही, तसा काही संबंध नाही. पण ब्लूजचा गंधार ज्याच्या ओठांत बसलाय, त्या ट्रम्पेटवाल्याला पिलूचा गंधार अगदीच परका वाटला नसणार. ट्रम्पेटला तीनच खिट्ट्या. दोन सुरांमधली जागा दाखवायची तर ओठ ढिले सोडायचे किंवा खिट्टी अर्धीच दाबायची. जॅझवाल्यांकडून आलेलं हे तंत्र आपल्या मिंडीच्या, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याच्या, अगदी शेजारी येऊन उभं राहतं. फरक इतकाच, की मिंडीची वाट रागाने आखून दिलेली असते आणि जॅझवाल्याची वाट त्याची त्याने काढलेली.

केरवा आणि बाँगो

‘शोला जो भडके’त अण्णांनी बाँगो (क्यूबाकडचं हाताने वाजवायचं जोडवाद्य), ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ओबो अशी वाद्यं एकत्र आणली. गाणं ऐकताना मला नेहमी एक गोष्ट जाणवते: हे स्विंग नाही. जॅझचा झोका, म्हणजे एका मात्रेचे दोन भाग समान न करता पहिला लांबवून दुसरा आखडणं, तो इथे नाही. इथे भाग समान आहेत, लॅटिन अमेरिकेच्या रुंब्यासारखे.

याचं कारण मी केरव्यात शोधतो. आठ मात्रांचा केरवा आपल्या कानात सरळ चालतो, वजन समेवर. जॅझचं वजन दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर. आपल्या प्रेक्षकाचा पाय समेवर पडणार, म्हणून जॅझचा ठोका त्याला उलटा वाटतो. रुंब्याचा सरळ ठोका मात्र केरव्याच्या मापात नीट बसला. ढोलकी आणि बाँगो शेजारी बसवले तरी भांडत नाहीत. त्यामुळे न्यू ऑर्लिन्सची ढब शिकलेल्या माणसांनी आपल्या चित्रपटात आणलं ते बऱ्याचदा क्यूबा आणि ब्राझील.

‘समाधी’ (१९५०) मधल्या ‘गोरे गोरे ओ बाँके छोरे’चा मुखडा तर सरळ उचललेला आहे, १९४५च्या ‘डॉल फेस’ या हॉलिवूडपटात कार्मेन मिरांडा यांनी गायलेल्या गाण्यावरून. मिरांडा पोर्तुगालात जन्मलेल्या, ब्राझीलमध्ये वाढलेल्या. त्यांचं पोर्तो रिकोवरचं इंग्रजी गाणं पोर्तुगीज अमलातल्या गोव्याच्या वादकांना जवळचं वाटलं असेल, तर नवल नाही. अण्णांवर चोरीचा आरोप करायचा, तर या गाण्याचा पुरावा पुरे. पण मला उचलेगिरीत फारसा रस नाही. उचललेला मुखडा कोणालाही ओळखता येतो. ‘शोला’सारख्या गाण्यात जे मुरलंय, ते ओळखायला कान लावावा लागतो.

भगवानदादांचं श्रेय इथेच नोंदवायला हवं. ताजच्या नाचघरात हे संगीत साहेब, संस्थानिक आणि मूठभर श्रीमंतांसाठी होतं. लालबाग-परळच्या माणसाला तिथे दरवान म्हणूनच जाता आलं असतं. भगवानदादांनी तो ठोका आपल्या संथ, खांदे हलवत केलेल्या नाचात घेतला आणि पिटातल्या प्रेक्षकाला दिला. आज वरातीचा बँड ‘भोली सूरत दिल के खोटे’ धरतो तेव्हा तिथला ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट यांचं नाव ऐकून असतोच असं नाही. पण तो वाजवतोय ती फुंकर त्यांच्याच घरची आहे.

माका नाका

१९५७च्या ‘आशा’तलं ‘ईना मीना डीका’ हे याच घराचं धाकटं भावंड. अण्णांच्या खोलीबाहेर मुलं ‘ईनी मीनी मायनी मो’ म्हणत खेळत होती, त्यावरून शब्द सुचत गेले, आणि अण्णांचे गोवेकर सहायक जॉन गोम्स यांनी त्यात ‘माका नाका’ घातलं, असं सांगतात. कोकणी येणाऱ्याला वेगळं सांगायला नको: माका नाका म्हणजे मला नको. देशभर लोक हे गाणं निरर्थक समजून गातात आणि त्यात चक्क एक सरळ अर्थाचं कोकणी वाक्य बसलेलं आहे.

निरर्थक अक्षरांवर गाण्याला जॅझमध्ये स्कॅट म्हणतात. १९२६ साली आर्मस्ट्राँगनी एका तबकडीत ते गायलं आणि ते सगळीकडे पसरलं. अण्णांनी ते ‘शिनशिनाकी बूबला बू’ (१९५२) मध्येही आणलं होतं. सगळे म्हणतात, अण्णांनी स्कॅट अमेरिकेतून घेतलं. घेतलं, ते खरंच. पण अण्णांचे गुरू विनायकबुवा पटवर्धन कशासाठी नावाजलेले होते? तराण्यासाठी. नोम, तोम, तननन, दिर दिर: अर्थाचं ओझं उतरवून लय आणि सूर यांच्याशी खेळायचं. ज्या विद्यार्थ्याने बुवांचा तराणा समोर बसून ऐकलाय, त्याला आर्मस्ट्राँग ऐकून धक्का बसण्याचं कारण नव्हतं. त्याला ओळख पटली असणार. माझ्या मते परक्या संगीतातलं तेच चटकन घेतलं जातं, ज्याच्यासाठी आपल्या घरात आधीच एक खुंटी ठोकलेली असते.

आता खुंटीवर न टांगलेल्या गोष्टीकडे येतो. हेच सांगण्यासाठी मी हे प्रकरण उघडलं.

जॅझ आणि आपलं रागसंगीत यांच्यात सगळ्यात मोठं साम्य कोणतं असेल, तर ते उपजेचं, म्हणजे ऐनवेळी सुचेल ते गाण्या-वाजवण्याचं. ख्याल गाणारा आवर्तन मनात धरून बाहेर पडतो, वाटेल तिथे हिंडतो, आणि समेला बरोब्बर घरी येतो. जॅझवाला बारा किंवा बत्तीस बारचं (बार म्हणजे ठोक्यांचा एक गट) कॉर्डचं चक्र मनात धरून तसाच बाहेर पडतो आणि तसाच परततो. आज जे वाजलं ते उद्या वाजणार नाही, ही दोघांचीही अट. एका बाजूला तराणा-तानांत तयार झालेले चितळकर, दुसऱ्या बाजूला रात्रीच्या मैफलीत चक्रामागून चक्र स्वतःच्या मनाने रंगवणारे चिक चॉकलेट. दोघं एका खोलीत रोज बसत होते. आणि दोघांचं जे खरं धन, तेच त्या खोलीत चालत नव्हतं.

कारणं साधी आहेत. ७८च्या तबकडीच्या एका बाजूवर सव्वातीन मिनिटांच्या आसपास मावतं. त्यात मुखडा, दोन-तीन अंतरे, शब्द नीट ऐकू आले पाहिजेत. वादक सगळे एकत्र वाजवणार, ध्वनिमुद्रण एकदम, एकाची चूक म्हणजे सगळ्यांचा टेक पुन्हा. पडद्यावर नाचाची पावलं मोजून घ्यायची. अशा ठिकाणी ट्रम्पेटवाल्याने ‘आज जरा वेगळ्या वाटेने जातो’ म्हणणं शक्यच नव्हतं. चार बारचा तुकडा लिहून मिळायचा, तो चोख वाजवायचा, पुढच्या स्टुडिओत जायचं. फार तर दोन ओळींच्या फटीत एखादी फिरत.

म्हणजे जॅझमधून आपल्याकडे आला तो नाद, वाद्यांची रचना, पोशाख, अक्षरांचा खेळ. जॅझला जॅझ करणारी गोष्ट उंबऱ्याबाहेर थांबली. आणि गंमत म्हणजे तीच गोष्ट आपल्याही घरातली होती. हिंदी गाण्यांतला तो काळ मला जीव लावून ऐकावासा वाटतो. पण ऐकताना हे न झालेलं बोलणं सारखं मनात येतं.

नावांचं तर विचारूच नका. श्रेय संगीत दिग्दर्शकाचं, तबकडीवरही त्याचंच नाव. अरेंजर ‘सहायक’ आणि वादक बिननावाचे. चिक चॉकलेट यांना ‘नादान’ (१९५१) सारख्या एखाद्या चित्रपटात स्वतंत्र संगीतकार म्हणून नाव मिळालं, पण बहुतेकांच्या वाट्याला तेही आलं नाही. वरून १९५२पासून डॉ. बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवरून चित्रपटगीतं हटली. त्यांचं शास्त्रीय संगीतावरचं प्रेम खरं होतं, हे मला मान्य आहे. पण ज्या गाण्यांना त्यांनी हलकं आणि परकं ठरवलं, त्यांतल्या कितीतरी चाली पलुस्कर परंपरेत शिकलेल्या माणसाने बांधल्या होत्या, हे त्यांना दिसायला हवं होतं. लोकांनी काय केलं? रेडिओची सुई सिलोनकडे फिरवली.

उपजेला खोली मिळावी म्हणून धडपडणारे नव्हतेच असं नाही. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांचे गुरू, यांनी १९५८मध्ये भारतीय वादकांचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारला आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात रागांवर आधारलेल्या रचना सादर केल्या. पण त्याही लिहिलेल्याच.

खरं दार किलकिलं झालं ते ‘रागा जॅझ स्टाइल’ या लाँगप्लेमुळे. शंकर-जयकिशन यांच्या नावावरची ही रेकॉर्ड: तोडी, भैरव, मालकंस, कलावती, तिलककामोद असे अकरा राग, शब्द नाहीत, नाच नाही, नायिका नाही. सतारीवर रईस खाँ, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ड्रम्सवर लेस्ली गोदिन्हो, पियानोवर लुसिला पाशेको, तबल्यावर रमाकांत. तुकडे छोटेच आहेत, पण त्यांत सतार आणि सॅक्सोफोन एकमेकांना विचारतात, थांबतात, उत्तर देतात. सिटिंगच्या खोलीत जे बोलणं व्हायचं राहिलं होतं, ते इथे सुरू होताना ऐकू येतं.

ही रेकॉर्ड १९६८ची. चिक चॉकलेट १९६७च्या मे महिन्यात गेले. रेकॉर्डवर ट्रम्पेट जॉन परेरा यांचा आहे.